जुने निकामी पोल काढायचा काही नियम आहे का? (पुणे)

सहकारनगरी

मंडळी, हे बरेच दिवस डोक्यात घोळतंय म्हणून धागा काढतोय. आमच्या भागात विजेच्या तारा जमिनीखालून गेल्या त्याला आता चांगला काळ लोटला, फीडर पिलर (केबल जोडायच्या रस्त्याकडेच्या पेट्या) बसले, सोसायट्यांना खालून केबल आली, वादळात लाइट जायचं कमी झालं, सगळं छान. पण जुने पोल जिथल्या तिथं. एका कोपऱ्यावर तर तीन खांब एकमेकांना खेटून उभे आहेत, एक सिमेंटचा विजेचा ज्यावर नुसते चॅनल (लोखंडी आडव्या पट्ट्या) आणि दोन चिमण्या (तार बांधायचे चिनीमातीचे इन्सुलेटर) उरल्यात, एक गंजका टेलिफोनचा ज्याच्या डबीचं झाकण कधीच गेलंय, आणि तिसरा नवा चकचकीत स्ट्रीटलाइटचा. फुटपाथ मुळात दोन माणसं जेमतेम जातील एवढा, त्यात हे तिघं, त्यामुळं बाबागाडी ढकलणारी बाई रस्त्यावर उतरते आणि तिथं मागनं पीएमपीची बस येते.

विचारायला गेलं की वीजवाले म्हणतात आमची लाइन आम्ही काढली, आता वर इंटरनेटच्या वायरी आहेत त्या निघाल्या की बघू. इंटरनेटवाला म्हणतो पोल आमचा नाही. रस्तेवाले म्हणतात विजेच्या वस्तूला आम्ही हात लावत नाही, आणि फुटपाथ नवा केला तेव्हा त्याच पोलभोवती ब्लॉक गोल कापून असे सुबक बसवलेत की बघतच राहावं.

साधा प्रश्न आहे. वापरात नसलेला पोल किती दिवसांत काढायचा असं कुठं लिहिलेलं आहे का? आणि असेल तर तो नाही काढला तर कोणाचं काय बिघडतं?

पेठेतला

नियम आहे का हे विचारताय की नियम पाळतात का हे, ते आधी ठरवा. आमच्याकडं निकामी पोल म्हणजे हक्काची जागा. उत्सवात मंडपाला दोर, निवडणुकीला झेंडे, आणि बाकी वर्षभर दादा, भाऊ, अण्णांचे वाढदिवस. पोल काढलात तर शुभेच्छुकांनी जायचं कुठं?

कायदा_वाचणारी

नियम आहे, आणि जुना आहे. १९५६ च्या भारतीय वीज नियमांत नियम ९३ होता, वापरात नसलेल्या ओव्हरहेड लाइनबद्दल. त्यात दोन गोष्टी होत्या. लाइन वापरायची बंद झाली की मालकानं ती एकतर धडधाकट अवस्थेत सांभाळायची नाहीतर काढायची. आणि विद्युत निरीक्षकानं (हा सरकारी अधिकारी) मालकाला लेखी नोटीस देऊन सांगायचं की नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत हे कर. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे २०१० चे सुरक्षा विनियम आले त्यातही हे जवळजवळ तसंच उतरलं. २०२३ ला त्यांची जागा नव्या विनियमांनी घेतलीय त्यामुळं अर्ज लिहिताना आत्ताचा क्रमांक बघूनच टाका, जुना टाकलात तर अर्ज परत पाठवायला त्यांना आयतं कारण मिळतं.

आता गोम कुठं आहे बघा. ३० दिवस हे तार बंद झाल्याच्या तारखेपासून मोजायचे नाहीत, नोटिशीपासून मोजायचे. नोटीस कधी निघणार, तर निरीक्षकाला कळल्यावर. आणि निरीक्षकाला कळवायचं कोणी, ते मात्र कुणाच्याच अंगावर नाही. त्यामुळं नियम पुस्तकात आणि पोल फुटपाथवर, दोघंही निवांत.

सहकारनगरी

@कायदा_वाचणारी हे भारीच, धन्यवाद. पण तो नियम ‘लाइन’बद्दल आहे ना? ते सरळ म्हणणार की लाइन काढली, पोलबद्दल नियमात काही नाही.

कायदा_वाचणारी

म्हणतातच. पण विद्युत अधिनियम २००३ चं कलम २ उघडा, व्याख्या क्रमांक २०. विद्युत लाइन म्हणजे वीज वाहणारी तार आणि त्यात तिला आधार देणारा सांगाडा, मनोरा, पोल किंवा अशी कुठलीही वस्तू धरलेलीच आहे. त्यामुळं तार उतरवून पोल ठेवला तर अर्धीच लाइन काढली. अर्जात ही व्याख्या आख्खी उतरवा, नुसता क्रमांक देऊन भागत नाही, समोरचा पुस्तक काढून बघत बसत नाही.

टेलिफोनच्या खांबाचं वेगळं. तिथं १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात कलम १३ होतं, स्थानिक संस्थेला खांब हलवायला किंवा काढायला सांगता यायचं. आता २०२३ चा दूरसंचार कायदा आहे आणि त्याखालचे मार्गाधिकाराचे (रस्त्यावरून वायर, खांब न्यायच्या हक्काचे) नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झालेत, त्यामुळं त्या खांबासाठी अर्ज वेगळ्या खिडकीला.

लाइनवरचा_काका

मी वीज मंडळात होतो, २००५ ला मंडळाच्या कंपन्या झाल्या तेव्हा वितरणात आलो आणि तिथूनच रिटायर झालो. कायद्याचं ताईंनी बरोबर सांगितलंय, मी पोलावरचं सांगतो.

पहिली गोष्ट, निकामी दिसणारा प्रत्येक पोल निकामी नसतो. वरच्या तीन तारा गेल्या तरी पुष्कळ ठिकाणी स्ट्रीटलाइटचा फेज, म्हणजे वीज असलेली तार, त्याच पोलवरनं पुढं गेलेला असतो, आणि तो टायमरवर असतो. दिवसा टेस्टर लावला तर काही दाखवत नाही आणि संध्याकाळी सात वाजता तोच पोल जिवंत. शिवाय कुणाच्या इन्व्हर्टरचं किंवा जनरेटरचं उलटं येणं असतं. म्हणून इथं कुणी ‘आपणच कापून टाकू’ म्हणायच्या आत सांगतो, हात लावू नका. सोसायटीच्या माणसानं गॅस कटरवाला बोलावून पोल पाडायचा आणि तो पलीकडच्या वायरीवर जायचा, असले उद्योग मी निस्तरलेत.

दुसरी गोष्ट, लोखंडी आणि सिमेंट यांचं नशीब सारखं नाही. लोखंडी पोलाला, त्यातून जुन्या रुळाचा असला तर, भंगारात भाव आहे. तो रेकॉर्डवर असतो, काढला की स्टोअरला जमा करून पावती घ्यावी लागते, आणि जमा नाही केला तर तो आपोआप पाय फुटून जातो, कुठं जातो ते विचारू नका. सिमेंटच्या पोलाला कुणी विचारत नाही. आठ मीटरचा पोल साधारण दीड मीटर जमिनीत असतो. तो उपटायला हायड्रा (क्रेन) लागते, रस्ता थोडा वेळ अडवावा लागतो, ट्रॅफिकवाल्यांना सांगावं लागतं, पडताना तडकला तर परत कुठं उभाही करता येत नाही, वर राडारोडा टाकायला गाडीभाडं. खर्चच खर्च, येणं शून्य. म्हणून तुमच्या भागात बघा, उरलेले बहुतेक सिमेंटचे असतील.

सहकारनगरी

काका, आमच्या गल्लीत लोखंडी एकही नाही उरला. आता कळलं का ते.

चाकावरची

लोखंडी निघाले म्हणजे नीट निघाले असं नाही हो. मी रोज सायकलनं कर्वे रोडच्या बाजूनं जाते, अशा कापलेल्या पोलांचे बुडखे आतल्या रस्त्यांच्या फुटपाथला किती आहेत ते चालणाऱ्यालाच माहीत. जमिनीच्या वर चार-सहा इंच ठेवून कापतात, कड धारदार, कधी भोवती काँक्रीटची गादी तशीच. पोल निदान लांबून दिसतो तरी, बुडखा अंधारात अजिबात दिसत नाही. माझ्या आईच्या पायाला टाके पडले अशाच एका बुडख्यानं, आणि ज्यांनी कापला त्यांचं उत्तर होतं की काम पूर्ण झालंय, फोटो जोडलाय. फोटोत पोल नव्हता, बरोबर आहे, बुडखा होता तो फ्रेमच्या बाहेर.

तेव्हा नियमाची मागणी करणार असाल तर ‘काढणे’ म्हणजे मुळासकट काढणे, खड्डा भरून कुटून वर आजूबाजूच्याच पातळीला ब्लॉक बसवणे, असं स्पष्ट लिहा.

बोस्टन_रिटर्न

वाचून मजा वाटली कारण हेच्या हेच मी तिकडं बघितलंय. मॅसॅच्युसेट्समध्ये लाकडी पोल असतात, जुना कुजला की शेजारी नवा ठोकतात आणि जुना तसाच, कधी वरचा भाग कापून नव्याला बांधून ठेवतात. तिकडं त्याला ‘डबल पोल’च म्हणतात. सगळ्यात वर वीज, मग खाली केबल टीव्ही, टेलिफोन, आणि प्रत्येकानं आपापली वायर नव्या पोलवर न्यायची, एकानं नेल्याशिवाय दुसऱ्याला नेता येत नाही, आणि शेवटचा जो असेल त्यानं जुना काढायचा. कायदा स्वच्छ आहे, राज्याच्या कायद्यात प्रकरण १६४, कलम ३४बी, नवा पोल उभा केल्यापासून ९० दिवसांत वायरी हलवून जुना पोल काढून न्यायचा. इथल्यासारखं नोटिशीची वाट बघत नाहीत, घड्याळ नवा पोल लागल्या दिवशी सुरू.

तरी डबल पोल गावोगाव उभे असतात. कारण त्या कलमाला दंडच नाही. ९० दिवस झाले, पुढं काय, तर काही नाही. म्हणून मला वाटतं दिवस किती यावर वाद घालण्यात फार अर्थ नाही.

पेठेतला

म्हणजे अमेरिकेतही वायरवाले एकमेकांकडं बोट दाखवतात. बरं वाटलं वाचून. उगाच आपलं पुणं बदनाम.

कायदा_वाचणारी

@बोस्टन_रिटर्न इथं दंड आहे बरं का, कागदावर. २००३ च्या अधिनियमात कलम १४६ नं आदेश किंवा विनियम मोडला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि मोडणं चालूच ठेवलं तर रोजचा वेगळा दंड, असं ठेवलं होतं. तिकडं घड्याळ आहे पण दंड नाही, इकडं दंड आहे पण घड्याळाला चावी द्यायला कुणी नाही.

केबलवाला_धनकवडी

सगळे वायरवाल्यांना शिव्या घालताय म्हणून लिहितो. मी छोटा ऑपरेटर आहे, दोन-चार गल्ल्यांत इंटरनेट देतो. आम्हाला खालून डक्टमधून (केबलच्या नळीतून) जायचं असेल तर रस्ता खोदायची परवानगी, खोदाईचे दर, परत रस्ता करून द्यायचा खर्च, हे मोठ्या कंपन्यांना जमतं, आम्हाला नाही. म्हणून आम्ही वरून जातो. पोल कुणाचा ते आम्हाला माहीत असतं पण भाडं भरायला गेलो तर घेणारा सापडत नाही. केंद्राच्या नियमांत २०२२ ला दुरुस्ती झाली तेव्हा रस्त्यावरच्या खांबाला वायर न्यायचा दर वर्षाला १०० रुपये एका खांबाला असा ठरला होता. १०० रुपये! मी आनंदानं भरीन, पावती तरी द्या, म्हणजे वायर अनधिकृत म्हणून कापून तरी नेणार नाही कुणी.

आणि कापली की काय होतं तेही सांगतो. वर्क फ्रॉम होमवाल्यांचे फोन अर्ध्या तासात सुरू होतात, आणि त्यात तेच काका असतात ज्यांनी लोंबणाऱ्या वायरींची तक्रार केलेली असते.

लाइनवरचा_काका

धनकवडीकर, तुमची अडचण खरी, पण एका पोलवर तुमच्यासारखे सात-आठ जण असतात आणि त्यातले अर्धे धंदा बंद करून गेलेले असतात. त्यांच्या वायरी आणि वेटोळी तशीच लटकलेली. वायरमन वर चढला तर त्याला पाय ठेवायला जागा नसते. कुठली चालू कुठली बंद त्याला कळणार कसं? वायरीला नावाची पट्टी लावा एवढं आम्ही वर्षानुवर्षं सांगत होतो.

केबलवाला_धनकवडी

पट्टीचं मान्य काका. मी लावतो पण माझ्या वायरीवर पट्टी बघून जी पहिली कापायची ती माझीच कापतात, बिनपट्टीवाल्याला पकडणार कुठं?

ठेकेदार_नाव_नको

मी अशी कामं केलीयेत, नाव लिहीत नाही कारण उघड आहे. आतली गोष्ट सांगतो म्हणजे सगळ्यांचा वेळ वाचेल.

ओव्हरहेडचं अंडरग्राउंड करायचं टेंडर निघतं त्यात केबल टाकणं किती मीटर, पिलर किती, जॉइंट किती, हे सगळं पैशात मोजलेलं असतं. जुनी लाइन डिसमँटल करणं, म्हणजे उतरवून नेणं, हे शेवटचं आयटम, त्याचा दर किरकोळ. केबल चार्ज झाली की कामाचं उद्घाटन होतं, फोटो होतो, ऐंशी-नव्वद टक्के बिल निघून जातं. डिसमँटलिंगचं उरलेलं बिल एवढं कमी असतं की हायड्राचं एका दिवसाचं भाडं त्यात निघणार नाही, मग ते आयटम सोडून देणं परवडतं. तुम्ही म्हणाल साहेब विचारत नाही का? साहेबाची तोवर बदली. फाइल बंद झाली की तो पोल कुठल्याच बजेटमध्ये नसतो, तो काढायला पुन्हा नवं एस्टिमेट, नवी मंजुरी, नवं टेंडर, आणि नुसते जुने पोल काढायचं टेंडर भरायला कोण बसलंय.

तुम्हाला नियमच हवा असेल तर एकच हवा. जुना पोल उभा असेपर्यंत नव्या कामाचं शेवटचं बिल आणि सिक्युरिटी डिपॉझिट सोडायचं नाही, आणि हे शेवटचं बिल दखल घ्यावं एवढं मोठं ठेवायचं. बाकी ३० दिवस, ९० दिवस काहीही लिहा. माझे पैसे अडकले असते तर मी स्वतः त्या इंटरनेटवाल्यांच्या दारात जाऊन बसलो असतो.

सहकारनगरी

हे आत्तापर्यंतचं सगळ्यात कामाचं उत्तर. तुमच्या पोटावर पाय आणणारं तुम्हीच सांगताय, त्याबद्दल खास आभार.

मधलं_बोट

मला हे पटत नाहीये. शहरात खड्डे आहेत, ड्रेनेज तुंबतंय, पावसाळ्यात सिंहगड रोडची काय अवस्था होते माहितीय आणि तुम्ही इथं न लागणाऱ्या खांबांवर पानं भरताय. पोल उभा आहे, खातोय का काही?

चाकावरची

@मधलं_बोट खातो, जागा खातो. फुटपाथवर निदान १.८ मीटर मोकळी रुंदी चालायला हवी असं इंडियन रोड्स काँग्रेसचं मानक सांगतं. पुण्यानं स्वतःची रस्ता-रचनेची मार्गदर्शक तत्त्वं २०१६ ला केली त्यात तर खांब, झाडं, बाक यांच्यासाठी वेगळा पट्टा आणि चालायला वेगळा पट्टा अशी कल्पना आहे, जंगली महाराज रोडवर जाऊन बघा कसं सुटसुटीत वाटतं. पण जुन्या गल्लीत नवा पट्टा आखला तरी जुना पोल चालायच्या पट्ट्याच्या बरोब्बर मधे. व्हीलचेअरवाल्याला तिथून यू टर्न घ्यायलाही जागा नसते. खड्डा बुजवायला डांबर लागतं, हे काढायला फक्त कुणीतरी काढणं लागतं.

मधलं_बोट

बरं, व्हीलचेअरचं मान्य. बाकी मुद्द्यावर मी ठाम आहे.

लाइनवरचा_काका

अजून एक धोका कुणी बोललं नाही. तारा असतात तेव्हा पोल दोन्ही बाजूंनी ताणलेला असतो, स्टे (आधाराची ताण-तार) असतो. तारा उतरवल्या आणि एका बाजूनंच इंटरनेटच्या वायरींचा भारा लटकला की पोल हळूहळू तिकडं कलतो. त्यात शेजारी ड्रेनेजला खोदलं की मुळाशी माती मोकळी. आणि वापरात नाही म्हणून पावसाळ्यापूर्वीच्या तपासणीत तो कुणाच्या यादीत नाही. पडायची शक्यता जास्त त्याची, आणि बघणारा कुणी नाही.

मग करायचं काय म्हणाल तर, पोलवर नंबर असतो, पिवळ्या किंवा पांढऱ्या रंगात, पुसट असेल तर शेजारच्या पोलचा घ्या. नंबर, रस्ता, समोरच्या इमारतीचं नाव, आणि दोन फोटो, एक बुंध्याचा एक शेंड्याचा. शेंड्याच्या फोटोवरून ऑफिसात बसलेल्या माणसाला कळतं की वर विजेची तार आहे की नुसती केबल. हे नसेल तर तुमची तक्रार ‘ठिकाण सापडले नाही’ म्हणून बंद होते. कललेला किंवा तडकलेला असेल तर पत्राबित्राच्या नादी न लागता आधी १९१२ ला फोन, तो धोक्याचा विषय आहे, पोल काढून मागायचा नाही.

बोस्टन_रिटर्न

तिकडं या वायरवाल्यांसाठी एक सामाईक यादी ऑनलाइन ठेवतात, कुठल्या पोलवर आता कुणाची पाळी आहे ते सगळ्यांना दिसतं. एकानं आपली वायर हलवून खूण केली की पुढच्याला आपोआप निरोप जातो. इथं तसं झालं तर निदान ‘तो काढेल मग मी’ हे कोण म्हणतंय ते तरी कळेल.

ठेकेदार_नाव_नको

यादी चालेल, पण शेवटी मुदत संपल्यावर उरलेल्या वायरी कापायचा अधिकार ज्याच्याकडं पोल आहे त्याला लेखी द्यावा लागेल. नाहीतर माझं बिल धनकवडीच्या एका बंद पडलेल्या केबलवाल्यापायी वर्षभर लटकेल आणि मी इथं येऊन तुम्हाला शिव्या घालीन.

केबलवाला_धनकवडी

मुदत द्या, पोलवरच पाटी लावा तारखेची, मला व्हॉट्सॲपवर नाही पाठवलं तरी चालेल, रोज त्याच पोलखालून जातो मी. पंधरा दिवस दिले तरी नव्या खांबावर किंवा गच्चीवरून फिरवून घेतो. न सांगता रात्रीत कापू नका एवढंच.

कायदा_वाचणारी

@सहकारनगरी आता लिहायला घ्या. तीन कागद. एक विद्युत निरीक्षकाला, पोल नंबरांसह, व्याख्या उतरवून, ३० दिवसांची नोटीस काढा म्हणून. दुसरा माहिती अधिकारात, दहा रुपयांचा, त्या अंडरग्राउंड कामाची वर्क ऑर्डर, डिसमँटलिंगचं आयटम आणि मोजमाप पुस्तिकेची (झालेल्या कामाची मापं लिहितात ती वही) त्या आयटमची पानं मागा. ‘पोल का काढले नाहीत’ असा प्रश्न विचारू नका, ‘का’ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, कागद मागा. मोजमाप पुस्तिकेत काढलेले दाखवलेले पोल रस्त्यावर उभे सापडले तर मग पुढचं मी सांगते. तिसरा कागद लोकशाही दिनाला, महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो, तिथं शेवटच्या बिलाची अट पुढच्या टेंडरमध्ये घाला ही मागणी. पण तिथं अर्ज आधी द्यावा लागतो, आयत्या वेळी जाऊन उभं राहू नका.

पेठेतला

आणि ज्या पोलवर दादांचा फ्लेक्स आहे तो यादीत पहिला घालू नका. बाकीचे निघू देत, मग तो. अनुभवाचे बोल.

सहकारनगरी

😀 तो तिसऱ्या क्रमांकावर टाकलाय. सिमेंटचे सगळे नंबर रविवारी गोळा करतो, ज्यांच्या गल्लीत असे असतील त्यांनी नंबर आणि दोन फोटो इथंच टाका, एकत्र यादी करून निरीक्षकाकडं एकच अर्ज देऊ. काकांना विनंती, शेंड्याचे फोटो बघून कुठल्यावर स्ट्रीटलाइटचा फेज अजून आहे तेवढं सांगाल का? तसले आपण यादीतून काढू.

लाइनवरचा_काका

टाका. फोटो संध्याकाळी दिवे लागल्यावरचे काढा, शक्यतो दोन्ही बाजूंचे पोल फ्रेममध्ये घेऊन. चिमणीपासून तार कुठं जाते ते दिसलं पाहिजे.